मुखडा उशिरा का येतो? : गाणं करणाऱ्यांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांमध्ये एक गोष्ट वारंवार दिसली. तक्रार मिक्सिंगची (सगळे आवाज एकत्र जुळवण्याची) असते आणि तिचं मूळ संगीत-संयोजनात निघतं. तक्रार गायकाबद्दल असते आणि तिचं मूळ पट्टीत किंवा शब्दांत. म्हणून दोष जिथे ऐकू येतो तिथून एक-दोन पायऱ्या मागे जाऊन उत्तरं दिली आहेत. पुन्हा पुन्हा येणाऱ्या भागाला इथे 'मुखडा' म्हटलं आहे आणि दर वेळी शब्द बदलणाऱ्या भागाला 'कडवं'.

प्रश्न : आमचं गाणं ९६ बीपीएमचं (मिनिटाला ९६ मात्रा), चार मात्रांच्या बारचं (आवर्तनाचं) आहे. सुरुवातीचं म्युझिक ८ बार, कडवं १६ बार, मग चढत जाणारा ४ बारांचा भाग आणि त्यानंतर मुखडा. चाल सगळ्यांना आवडते, पण "गाणं सुरूच होत नाही" असं ऐकायला मिळतं.

ऐकणाऱ्यांचं बरोबर आहे. ९६ बीपीएमला एक मात्रा ०.६२५ सेकंदाची, म्हणजे बार अडीच सेकंदांचा. तुमच्या मुखड्याआधी २८ बार आहेत, म्हणजे तो यायला १ मिनिट १० सेकंद लागतात. तुम्हाला चाल पाठ आहे, त्यामुळे पुढे काय येणार हे माहीत असतं आणि वाट पाहणं गोड वाटतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाट कशाची पाहायची हेच ठाऊक नसतं.

सुरुवातीचं म्युझिक ४ बारांवर आणा, कडवं ८ बारांचं करा, चढता भाग तसाच ठेवा. मुखडा ४० व्या सेकंदाला येईल. कडव्याचा कुठला अर्धा भाग काढायचा? बहुतेक वेळा पहिला. लिहिणारा पहिल्या चार ओळींत विषयाकडे सरकत असतो आणि खरी ओळ पाचवी असते. काढलेल्या ओळींतलं जे चांगलं असेल ते दुसऱ्या कडव्यात घ्या.

दुसरी वाट आपल्याकडच्या भावगीतांची : ध्रुवपदानेच सुरुवात. मात्र मुखडा पूर्ण वाद्यमेळासह आधीच वाजवून टाकलात तर पुढे चढायला जागा उरत नाही. सुरुवातीला चारच बार, एक आवाज आणि एक वाद्य, एवढंच द्या.

बार कापूनही मुखडा 'उघडत' नसेल, तर चालीचे स्वर तपासा. मुखड्याचा सर्वांत वरचा स्वर कडव्याच्या वरच्या स्वरापेक्षा निदान दोन-तीन स्वर वर हवा. कडव्यातच वरचा षड्ज लावून झाला असेल, तर मुखड्याला जायला जागाच नाही. कडव्यात स्वर आखूड आणि शब्द दाट, मुखड्यात स्वर लांब आणि शब्द विरळ, हा फरक कानाला लगेच कळतो. वाद्यांचंही तेच. किक (ड्रमचा खालचा ठोका) आणि बेस (खर्जातलं वाद्य) पहिल्या बारपासून वाजत असतील, तर मुखड्यात नवीन काय येणार? कडव्याचे पहिले चार बार बेसशिवाय ठेवा आणि मुखड्याआधीच्या शेवटच्या दोन मात्रा किक-बेस पूर्ण बंद करा. त्या सव्वा सेकंदाच्या मोकळ्या जागेमुळे मुखडा मोठा वाटतो. आवाजाची पातळी वाढवूनही तेवढा मोठा वाटत नाही.

प्रश्न : चाल आधी होते, मी त्यावर शब्द लिहिते. अक्षरं मोजून बरोबर बसवते, तरी गायक म्हणतो, "तोंडात बसत नाही." काय चुकत असेल?

अक्षरांची संख्या जुळली म्हणजे वजन जुळलं असं नाही. संगीतकाराकडून डमी (तात्पुरत्या) बोलांची चाल घ्या, नुसत्या 'ला ला'ची नको. 'ला ला'मध्ये प्रत्येक स्वर सारखाच वाटतो. डमी बोलांत मात्र तो कुठे जोर देतो आणि कुठे तोडतो ते कळतं. कागदावर तीन खुणा करा : लांब स्वर कुठे आहेत, समेवर कुठलं अक्षर येतं आणि श्वास कुठे घेतला जातो.

लांब आणि उंच स्वरावर आ, ए, ओ ठेवा. ई आणि ऊ वरच्या पट्टीत गळा आवळतात, आवाज पातळ होतो. मराठीत आणखी एक अडचण आहे. 'वाट', 'मन', 'रान' अशा शब्दांच्या शेवटचा 'अ' आपण उच्चारत नाही. म्हणजे लांब स्वर 'वा'वरच धरायचा आणि 'ट' अगदी शेवटी टाकायचा. शेवटचं अक्षर वेगळ्या स्वरावर येत असेल, तर गायकाला 'वाटऽ' असं ओढावं लागतं आणि ते कृत्रिम वाटतं. तिथे 'वाटा', 'वाटे' असा स्वरान्त शब्द शोधा. ऱ्हस्व अक्षर दोन मात्रा ताणलं की अर्थही सरकतो; 'दिन' ताणला की 'दीन' ऐकू येतो. श्वासाच्या खुणेवर शब्द तुटता कामा नये : 'मी चकोर' लिहिलंत आणि श्वास 'च'नंतर आला, तर लोक 'मीच कोर' ऐकणार.

जलद जागांमध्ये जोडाक्षरं टाळा. ११० बीपीएमला मात्रेत चार अक्षरं असतील, तर एका अक्षराला सुमारे ०.१४ सेकंद मिळतो. तेवढ्यात 'ष्ट्र' किंवा 'ळ्या' स्वच्छ उच्चारता येत नाही.

शब्द पूर्ण झाले की चाल बाजूला ठेवून क्लिकवर (ताल दाखवणाऱ्या ठोक्यावर) ते नुसते बोला, गप्पा मारताना बोलतो तसे. बोलण्यातला जोर आणि ताल जिथे भांडतात, नेमका तिथेच गायक अडखळत असतो. चाल चांगली असेल तर शब्द बदला. मात्र एकाच ओळीत तीन जागा अडत असतील, तर संगीतकाराला एखादा स्वर जोडायला किंवा गाळायला जरूर सांगा. चाल म्हणजे दगडावरची रेघ नव्हे.

प्रश्न : ट्रॅक काळी एकमध्ये पूर्ण तयार आहे. गायिकेला मुखडा जड जातो. सॉफ्टवेअरने पट्टी उतरवली तर चालेल?

मिडीवर वाजवलेले भाग (त्यांत आवाज नाही, फक्त स्वरांची नोंद असते) कितीही उतरवा, काही बिघडत नाही. रेकॉर्ड केलेली गिटार किंवा व्हायोलिन अर्ध्या स्वराने उतरवली तर निभावतं. दोन अर्ध्या स्वरांपुढे वाद्याचा आघात मऊ पडतो आणि आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो; ते भाग पुन्हा वाजवून घ्या. ड्रम्सना हात लावू नका.

पट्टी ठरवायची वेळ मात्र ट्रॅक करण्याआधीची असते. गायिकेला एका वाद्यावर मुखडा सलग चार वेळा, पूर्ण जोराने म्हणायला सांगा. एकदा सगळेच लावतात. तिसऱ्या वेळी मान ताठली, हनुवटी वर गेली, तर अर्धा स्वर उतरा आणि पुन्हा चार वेळा. मग कडव्याचा सर्वांत खालचा स्वर ऐका. तिथे नुसता श्वास येत असेल, तर पट्टी फार उतरली. दोन्ही टोकं सांभाळली जात नसतील, तेव्हा कडव्यातली ती खालची जागा बदला. मुखड्याचा स्वर वाचवणं जास्त महत्त्वाचं. पण अगदी आरामाची पट्टीही नको. वरच्या स्वराला किंचित ताण हवा, तो ताणच ऐकणाऱ्यापर्यंत पोचतो.

प्रश्न : घरी छोट्या खोलीत, भिंतींना फोम लावून कंडेन्सर माइकवर गातो. आवाज डब्यातून आल्यासारखा येतो आणि 'स', 'श' टोचतात.

दोन्ही तक्रारींमध्ये फोमचा हात आहे. पातळ फोम फक्त वरच्या कंपनसंख्या शोषतो. २०० ते ५०० हर्ट्झचा पट्टा भिंतींवर आपटून माइकमध्ये परत येतो, तोच डब्याचा आवाज. खोलीतली चमक गेली आणि घुमणं राहिलं, म्हणून तुम्ही आवाज उजळ करायला वरचा भाग इक्वलायझरने वाढवत असणार, आणि त्यात 'स' वर येतो.

गायकाच्या पाठीमागे जाड गादी उभी करा किंवा दोन-तीन रजया दुहेरी टांगा, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून. कार्डिऑइड माइक समोरचं ऐकतो. गायकाच्या मागच्या भिंतीवरून येणारा आवाज थेट त्याच्यात शिरतो. त्यामुळे फोम माइकच्या मागे लावण्यापेक्षा शोषण गायकाच्या मागे हवं. खोलीच्या बरोबर मध्यावर किंवा कोपऱ्यात उभं राहू नका. लांबीच्या साधारण एक तृतीयांशावर राहा.

माइक आणि तोंड यांत १५ ते २० सेंटीमीटर अंतर ठेवा, पॉप फिल्टर (हवेचा झोत अडवणारी जाळी) मध्ये. यापेक्षा जवळ गेलात की खालचा भाग फुगतो आणि डोकं जरा हललं तरी आवाजाचा पोत बदलतो. माइक तोंडाच्या रेषेत न ठेवता थोडा वर घेऊन नाकाकडे रोखा. 'स'ची आणि 'प'ची हवा त्याच्या खालून निघून जाईल.

रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर करा आणि सर्वांत मोठ्या जागेला मीटर उणे १० ते उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. २४ बिटमध्ये हळू रेकॉर्ड झाल्याने काही बिघडत नाही. फाटलेला सूर मात्र परत येत नाही. गाताना स्वतःचा आवाज कानात उशिरा येत असेल, तर रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचा बफर (आवाज पुढे देण्याआधीचा साठा) १२८ सॅम्पलवर आणा. तेवढ्या बफरला ४८ किलोहर्ट्झवर पावणेतीन मिलिसेकंदांहून कमी वेळ लागतो. इंटरफेसचा (माइक संगणकाला जोडणाऱ्या यंत्राचा) थोडा उशीर त्यात मिळवला तरी त्रास होत नाही. हेडफोनमधला क्लिक शांत जागी माइकमध्ये गळतो. तिथे क्लिक कमी करा किंवा हेडफोनची एक बाजू कानाला घट्ट दाबा.

चार ते सहा पूर्ण टेक घ्या, मग त्यांतून ओळ-ओळ निवडा. शब्दाशब्दाला पंच करत (तेवढाच शब्द पुन्हा रेकॉर्ड करत) बसलात की सूर बरोबर येतो, पण श्वासांचा ओघ तुटतो. असं गाणं ऐकताना नेमकं काय खटकतं ते ऐकणाऱ्याला सांगता येत नाही, तरी खटकतं.

प्रश्न : ऑटोट्यून वापरणं ही फसवणूक आहे का? वापरलं तर माझ्या आवाजातली मींड तुटते.

आमच्या मते फसवणूक नाही. टेक निवडणं हीसुद्धा दुरुस्तीच आहे. ऑटोट्यून हे सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर १९९७ साली आलं. ते अँडी हिल्डेब्रँड यांनी बनवलं, ज्यांनी आधी तेलाच्या शोधासाठी भूकंपलहरींच्या विश्लेषणाचं काम केलं होतं. यंत्र प्रत्येक क्षणी जवळचा 'बरोबर' स्वर शोधतं. मींड म्हणजे दोन स्वरांमधला सलग प्रवास, आणि दुरुस्तीचा वेग शून्याच्या जवळ (म्हणजे ताबडतोब) ठेवलात तर त्या उताराच्या पायऱ्या होतात. मुद्दाम यांत्रिक आवाज हवा असेल तरच तसं करा. एरवी पूर्ण गाण्याला आपोआप लावूच नका. ग्राफवर फक्त धरून ठेवलेले, कानाला खटकणारे स्वर उचला, तेही पूर्ण मध्यावर न आणता जवळ आणा. मींड, कण, हरकती मोकळ्या सोडा. आणि दुरुस्ती नेहमी कॉम्प्रेशन (पातळीतले चढ-उतार दाबणं) आणि रिव्हर्ब (घुमारा) यांच्या आधी. रिव्हर्ब मिसळल्यावर यंत्राला सूर नीट ओळखता येत नाही.

प्रश्न : हेडफोनवर मिक्स छान वाटतं. फोनच्या स्पीकरवर बेस नाहीसा होतो, मुखड्यात शब्द बुडतात आणि डावी-उजवीकडे पसरलेला रुंद सिंथ (सिंथेसायझर) तर गायबच.

तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

बेस : फोनचा चिमुकला स्पीकर २०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काही देत नाही. तुमच्या बेसचा मूळ स्वर ५५ हर्ट्झ असेल आणि आवाज शुद्ध साइन लहरीचा असेल, तर फोनवर काही उरणारच नाही. त्यावर थोडं सॅच्युरेशन (आवाज किंचित फाडणारा इफेक्ट) द्या. ११०, १६५, २२०, २७५ असे वरचे पटीतले स्वर तयार होतात. फोन त्यांतले वरचे वाजवतो आणि मूळ स्वर कान आपोआप भरून काढतो. बेसचा फेडर (पातळीचा दांडा) चढवून हे होत नाही. फोनवर फरक पडत नाही आणि मोठ्या स्पीकरवर गाणं चिखल होतं.

सिंथ : एकाच आवाजाच्या दोन प्रती डावी-उजवीकडे ठेवून एकीला काही मिलिसेकंद उशीर दिला असणार, किंवा एकीचा फेज (लहरीच्या चढ-उताराची दिशा) उलटा असणार. मोनोमध्ये (दोन्ही बाजू एकत्र झाल्यावर) त्या एकमेकींना खातात. मास्टरवर मोनोचं बटण ठेवा आणि मिक्सचा निदान अर्धा वेळ मोनोतच काम करा. रुंदी हवी असेल तर तोच भाग खरोखर दोनदा वाजवून घ्या.

शब्द : इथे सगळे आधी आवाजाचा फेडर वर करतात आणि मग गाणं बारीक वाटू लागतं. आधी पाहा, मुखड्यात आवाजाच्याच सप्तकात कोण कोण वाजतंय. गिटारचे कॉर्ड, सिंथ आणि दोन हार्मनी तिथेच असतील, तर ती अडचण संयोजनाची आहे. सिंथ एक सप्तक वर न्या किंवा गिटारला ओळ संपल्यावरच्या मोकळ्या जागेत वाजवा. त्यानंतर उरलेल्या वाद्यांचा २ ते ४ किलोहर्ट्झचा भाग दोन-तीन डेसिबल कमी करा, कारण व्यंजनं तिथे कळतात. आवाजावर ८०-१०० हर्ट्झखाली हाय-पास (खालचा भाग कापणारा फिल्टर) लावा, ३०० च्या आसपास गढूळ वाटलं तर दोन डेसिबल काढा. एकाच कॉम्प्रेसरने १० डेसिबल दाबण्यापेक्षा दोन कॉम्प्रेसर घ्या आणि प्रत्येकाकडून ३-४ डेसिबलच दाबा. तरीही काही शब्द बुडतील. ते हाताने, एकेक शब्द एक-दोन डेसिबल वर घ्या. या कामाला दोन तास लागतात आणि त्याला पर्याय नाही. रिव्हर्बला ३०-४० मिलिसेकंदांचा प्री-डिले (तो सुरू होण्याआधीचा उशीर) दिलात तर अक्षराची सुरुवात कोरडी राहते आणि शब्द पुढे येतो.

मिक्स हळू आवाजात ऐकत करा. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली दाखवलं की आवाज मोठा असला की कानाला खालचा भाग जास्त भरीव वाटतो. मोठ्याने केलेलं मिक्स हळू लावलं की म्हणूनच पोकळ निघतं. शेजारच्या खोलीत उभं राहून, दार अर्धं लावून ऐका. तिथेही मुखड्याचे शब्द कळले पाहिजेत.

प्रश्न : मास्टर (गाण्याची शेवटची तयार प्रत) उणे ७ एलयूएफएसचं केलं, तरी स्पॉटिफायवर इतर गाण्यांपेक्षा आमचं लहान आणि सपाट वाटतं.

एलयूएफएस हे गाण्याच्या एकूण मोठेपणाचं माप. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगवर सगळी गाणी उणे १४ एलयूएफएसच्या आसपास आणतं. तुमचं गाणं तिथे ७ डेसिबल खाली ओढलं जातं. मोठेपणा गेला आणि लिमिटरने (आवाजाची शिखरं दाबणाऱ्या यंत्राने) चिरडलेली किक तशीच राहिली. उणे १४ वर मास्टर केलंच पाहिजे असं नाही. पॉपला उणे ९-१० पर्यंतची घनता शोभते, किकचा आघात शाबूत असेल तर. ट्रू पीक (लहरीचं खरं शिखर) उणे १ डेसिबलवर थांबवा, म्हणजे एमपी३सारख्या स्वरूपात जाताना फाटणार नाही. जुन्या-नव्या मास्टरची तुलना करताना दोन्ही सारख्या पातळीवर आणा. मोठं वाजणारं नेहमीच चांगलं वाटतं.

प्रश्न : गाणं तीन मिनिटांचंच का असतं?

७८ आरपीएमच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटंच मावत. १९४९ मध्ये आरसीए व्हिक्टरने आणलेल्या ४५ आरपीएमच्या सात इंची तबकडीनेही ती सवय फारशी मोडली नाही आणि रेडिओला ती सोयीची होती. आता मर्यादा नाही. मात्र स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्यावरच गाणं 'ऐकलं' असं मोजलं जातं, त्यामुळे नवी गाणी सुरुवात आखूड करतात.

प्रश्न : तिघांनी मिळून गाणं केलं, बीट (तयार वाद्यट्रॅक) ऑनलाइन घेतलं. हिस्से कसे ठरवायचे?

गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात : रचना, म्हणजे चाल आणि शब्द, आणि ध्वनिमुद्रण, म्हणजे मास्टर. दोन्हींचे हिस्से टक्केवारीत, एका कागदावर, सह्यांसह, प्रदर्शनाच्या आधी लिहा. नंतर मैत्रीवर ताण येतो. बीटचा परवाना शब्दन् शब्द वाचा. विनाविशेष (नॉन-एक्स्क्लुझिव्ह) परवाना असेल, तर तेच बीट आणखी कोणाच्या गाण्यात येऊ शकतं, आणि कित्येक परवान्यांत ऐकण्याच्या संख्येला मर्यादा असते. दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगचा तुकडा वापरला असेल, तर रचना आणि मास्टर दोन्हींची परवानगी लागते. ध्वनिमुद्रणाचा आयएसआरसी, म्हणजे त्याचा १२ अक्षर-अंकांचा ओळख-क्रमांक, जपून ठेवा, आणि नावांचं स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा. निम्मे गोंधळ त्यातूनच होतात.

प्रश्न : जाणकारांनी गाण्याचं कौतुक केलं, तरी ते चाललं नाही. यादीत वर असलेली गाणी खरोखर चांगली असतात का?

२००६ साली सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी बँडची ४८ गाणी, १४ हजारांहून अधिक ऐकणारे. काहींना इतरांनी कुठलं गाणं किती वेळा डाउनलोड केलं ते दिसत होतं, काहींना दिसत नव्हतं. आकडे दिसणाऱ्यांचे आठ स्वतंत्र गट होते. त्या गटांत लोकप्रिय गाणी जास्तच लोकप्रिय झाली आणि कुठलं गाणं वर जाईल ते गटागणिक बदललं. सर्वांत चांगली गाणी क्वचितच तळाला गेली, सर्वांत वाईट क्वचितच वर आली. मधली मात्र कुठेही जाऊ शकत होती. तुमचं गाणं मधल्या मोठ्या पट्ट्यात असेल, तर पहिल्या काही दिवसांत कोणाच्या कानावर पडलं याला फार महत्त्व आहे.

यादी कशी मोजली जाते त्यावरही यादी ठरते. १९९१ पर्यंत अमेरिकेतल्या बिलबोर्ड नियतकालिकाची अल्बमची यादी दुकानदारांनी सांगितलेल्या क्रमांवर चाले. त्या वर्षी बारकोडवरून खरी विक्री मोजायला सुरुवात झाली आणि कंट्री, रॅप, हेवी मेटल ही संगीतं एकदम वर दिसू लागली. लोक ती आधीही विकत घेतच होते.

आणि सवय. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये मांडलं की वारंवार समोर आलेली गोष्ट त्या ओळखीमुळेच आवडू लागते. म्हणून एका दिवसात दहा ठिकाणी टाकून गप्प बसण्यापेक्षा तोच मुखडा काही आठवडे वेगवेगळ्या रूपांत ऐकू येऊ द्या : नुसता आवाज, एक वाद्य, मूळ ट्रॅक. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं दाखवायचं असेल, तर ते प्रदर्शनाआधीच, शक्यतो निदान सात दिवस आधी, पाठवा. वितरकाला (गाणं स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणाऱ्या कंपनीला) त्याहून आधी.

'चाललं नाही' हे कशावरून, तेही आकड्यांत पाहा. पोचलंच कमी, की पोचून लोक निघून गेले? शंभर जणांनी ऐकलं आणि त्यांतले बरेच जण पुन्हा आले, तर गाण्यात खोट नाही. ते लोकांपर्यंत नेण्याचं काम बाकी आहे. पुष्कळांनी लावलं आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात सोडलं, तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर वाचा. कौतुकाने यातलं काहीच कळत नाही. पुढच्या गाण्याला "कसं वाटलं?" असं विचारू नका. पाच-सहा जणांना इतर तीन गाण्यांच्या मध्ये ते एकदाच ऐकवा, काही सांगू नका, आणि दुसऱ्या दिवशी त्यांतलं काय आठवतं ते गुणगुणायला सांगा. जी ओळ ते गुणगुणतील ती तुमच्या मुखड्यातलीच आहे का, ते पाहा. ती कडव्यातली निघाली, तर मुखडा तिच्यापासून बांधायला घ्या.